माया मान्य, मुखत्यारी नाही

‘आजीने नातवाच्या कपाळाला अंगारा लावला, तर आभाळ कोसळणार आहे का?’

मुलाच्या धार्मिक वाढीबाबत आईवडिलांनी एखादा नियम घातला, की हा प्रश्न ठरलेला. त्याच्यामागून बाकीचे येतात. ‘आम्ही संस्कार करतोय, पोर बिघडवत नाही.’ ‘तुम्हालाही आम्हीच वाढवलं, तुमचं काय वाईट झालं?’ ‘तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात; पोराला सांभाळतं कोण?’ ‘मोठं झाल्यावर त्याचं ते ठरवेल, आत्ता कशाला अडवता?’ आणि शेवटी, डोळ्यांत पाणी आणून, ‘नातवंडांशी आम्ही काय बोलायचं ते एकदा कागदावर लिहूनच द्या.’

हे बोलणारी माणसं परकी नसतात. त्यांनी त्या नातवंडासाठी रात्री जागून काढलेल्या असतात, त्याच्या तापात कपाळावर पट्ट्या ठेवलेल्या असतात. त्यांचे प्रश्न झटकून टाकणं बरोबर नाही. त्यांना उत्तर द्यायला हवं, आणि ते आडपडदा न ठेवता द्यायला हवं. माझं उत्तर असं: नातवंडावर माया करण्याचा आजीआजोबांचा हक्क कुणी हिरावून घेऊ नये. पण मुलाच्या शरीरावर आणि मनावर कोणत्या धर्माची खूण कधी उमटवायची, की उमटवायचीच नाही, हे ठरवणं आईवडिलांचं काम आहे. आणि मूल जाणतं होत जाईल तसतसं ते मुलाचं स्वतःचं आहे. माया कितीही असली तरी तिच्या जोरावर ही मुखत्यारी आजीआजोबांकडे जात नाही.

अंगाऱ्यापासूनच सुरुवात करू. अंगाऱ्याने आभाळ कोसळत नाही, हे अगदी खरं. तिन्हीसांजेला नातीला मांडीवर घेऊन शुभंकरोती म्हणणाऱ्या आजीशी कुठल्याही शहाण्या आईबापाचं भांडण नसतं. गणपतीत टाळ वाजवणारा नातू, आजोबांचं बोट धरून आळंदीला जाणारी नात, नाताळात नानीबरोबर गोठा मांडणारं पोर, यातलं काहीही अडवावं असं मला वाटत नाही. अंगारा हे सर्वांत सौम्य उदाहरण आहे, म्हणून ते पुढे केलं जातं. घराघरांत खरे खटके उडतात ते निराळ्या गोष्टींवरून.

ठाण्या-डोंबिवलीतलं एक नेहमीचं चित्र घ्या. मुलाने आणि सुनेने आधीच सांगितलेलं असतं, की बाळाचं जावळ काढायचं नाही. चार दिवसांची सुट्टी साधून आजीआजोबा बाळाला गावी नेतात. रविवारी रात्री बाळ परत येतं ते डोक्यावर टोपी घालून. टोपी काढली की खाली गोटा. कानामागे वस्तऱ्याचा बारीक ओरखडा, त्यावर हळद चेपलेली. ‘कुलदैवताला नेलं होतं, मग राहवलं नाही. केस काय, परत येतील.’ केस दोन महिन्यांत येतात. पण पुढच्या सुट्टीत बाळाला गावी पाठवायचं म्हटलं की आईचा पाय मागे सरतो, आणि ‘सून नातवाला भेटू देत नाही’ हे खापरही तिच्याच डोक्यावर फुटतं.

दुसरं चित्र बारा वर्षांच्या मुलीचं. आईने तिला पाळीबद्दल आधीच सगळं समजावलेलं असतं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड ठेवून दिलेलं असतं. यात लाजण्यासारखं काही नाही, हे मुलीने ऐकलेलं असतं आणि तिला ते पटलेलंही असतं. दिवाळीच्या सुट्टीत ती आजीकडे जाते आणि तिथेच तिची पाळी येते. ‘कावळा शिवला’ म्हणून तिला कोपऱ्यात वेगळी चटई मिळते. देवघराकडे फिरकायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही. फराळाचं ताट लांबून सरकवलं जातं. फोनवर ती आईला विचारते, ‘मी काय केलं?’ आजीच्या मनात तिच्याबद्दल तसूभरही राग नसतो. तिने स्वतः चाळीस वर्षं हेच केलेलं असतं. पण एका आईने वर्षभर धीर देऊन जे उभं केलं, ते आजीच्या चार दिवसांनी पाडलं. याला संस्कार म्हणायचं असेल, तर तो कुणावर होतो आणि कशाचा होतो, हे विचारण्याचा हक्क आईला आहे.

याच्याही पलीकडची उदाहरणं आपल्या जवळच्या इतिहासात आहेत. यल्लमाला किंवा खंडोबाला मूल वाहण्याचे नवस घरातल्याच वडीलधाऱ्यांनी बोललेले असत. मुलगी जन्माला येण्याआधीच तिचं मुरळी होणं ठरलेलं असे. हे थांबवायला मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा करावा लागला, आणि तेवढ्याने न भागल्यामुळे एकविसाव्या शतकात महाराष्ट्राला पुन्हा नवा कायदा करावा लागला. दाऊदी बोहरा समाजातल्या मुलींच्या खतन्याबद्दल ज्या स्त्रिया पुढे येऊन बोलल्या, त्यांच्यातल्या कित्येकींनी सांगितलं आहे, की सातएक वर्षांच्या असताना खाऊचं किंवा फिरायला नेण्याचं आमिष दाखवून त्यांना घरातल्याच बाईने, काहींना आजीने, नेलं होतं. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मोठ्या घटनापीठाकडे सोपवला. नवस बोलणाऱ्यांना आणि त्या आजींना आपण मुलीचं भलंच करतो आहोत असं मनापासून वाटत होतं. म्हणून हेतू चांगला आहे, एवढ्यावर हा वाद मिटत नाही. अंगारा आणि खतना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो मला मान्य आहे. पण या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या लांब रस्त्यावर कुठे थांबायचं, हे कुणीतरी ठरवलं पाहिजे. ते कुणी ठरवायचं, एवढाच वाद आहे.

या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या एका आईने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लढाई दिलेली आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंना धर्मकन्या मानलं, म्हणून मनोरमेच्या त्या आजी झाल्या. पत्रांत त्यांचा उल्लेख ‘आजीबाई’ असाच येतो. या आजीबाईंनी मनोरमेवर जीव लावला, तिला सांभाळलं. रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. पुढे मनोरमा काही काळ आईविना वाँटेजला राहिली, तेव्हा तिचं दुखलंखुपलं याच आजीबाईंनी पाहिलं.

आणि तरीही मनोरमेला धर्म कोणता आणि कसा शिकवायचा, यावरून दोघींमध्ये मोठा तंटा झाला. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, पण चर्चची सगळी मतं त्यांनी डोळे मिटून स्वीकारली नव्हती. जे आपल्याला अजून पटलेलं नाही, ते आपल्या लेकीच्या मनात आपल्यामागे पक्कं केलं जावं, हे त्यांना मान्य नव्हतं. मनोरमेच्या धर्मशिक्षणाबद्दल शेवटचा शब्द आईचा, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्व वाटला, अवज्ञा वाटली. हा सगळा पत्रव्यवहार त्यांनीच जपून ठेवला, आणि तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. परक्या मुलखात, दुसऱ्यांच्या आश्रयाने राहणारी एक तरुण विधवा, जिच्या मुलीचा सांभाळही तीच माणसं करत होती, तिने हा आग्रह धरला. तिने उपकार मानले आणि मुलीवरचा हक्कही राखला. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे आजच्या आईवडिलांनी तिच्याकडून शिकावं.

पण ही गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी सांगितल्यासारखं होईल. याच रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत मुलींसाठी शारदा सदन हे निवासी विद्यालय सुरू केलं आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला नेलं. मुलींना धर्म शिकवणार नाही, असा शब्द होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. त्यातून १८९३ साली पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मी सक्ती करत नाही, मुली आपण होऊन येतात, हा रमाबाईंचा बचाव होता. आज नातवंडांबद्दल आजीआजोबा हाच बचाव करतात. ‘आम्ही कुठे बळजबरी करतो? तोच येऊन बसतो.’ वाँटेजला रमाबाई ज्या बाजूला उभ्या होत्या, पुण्यात त्यांच्यासमोर बरोबर त्या बाजूला मुलींचे पालक उभे होते. लहान मूल ज्याच्यावर प्रेम करतं त्याच्या मागे जातं. त्या मागे जाण्याला संमती म्हणता येत नाही, हे वाँटेजच्या मठात जितकं खरं होतं तितकंच पुण्याच्या सदनातही होतं.

याच प्रसंगातून दुसरीही एक गोष्ट दिसते. त्या मुलींपैकी कित्येक बालविधवा होत्या, आणि त्यांच्या पालकांच्या घरात त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलेलं होतं हे सर्वांना माहीत होतं. म्हणजे आईवडिलांचा हक्कही बेलगाम नाही. मुलाचं हित ही त्याचीही मर्यादा आहे. आईवडीलच मुलाला उपाशी ठेवत असतील, डॉक्टरऐवजी मांत्रिकाकडे नेत असतील, मुलीचं शिक्षण धर्माच्या नावाखाली तोडत असतील, तर आजीआजोबांनी गप्प बसू नये. त्यांनी आडवं यावं. मुलाचं नुकसान होत नसेल तिथे मात्र आईवडिलांचा शब्द वरचढ राहिला पाहिजे, मग तो आजीआजोबांना कितीही टोचो.

हे काही पाश्चात्त्य खूळ आहे, परंपरा तोडणं आहे, असं जे म्हणतात त्यांनी परंपरेकडेच पाहावं. मुंजीत पाटावर बसतात ते आईवडील. बटूला गायत्रीचा उपदेश देतो तो बाप. मुंजीपूर्वी मुलाबरोबर शेवटचं एका ताटात जेवते ती आई. आजीआजोबा कौतुकाने, आशीर्वादाला समोर बसलेले असतात. ख्रिस्ती चर्चचा नियमही तसाच आहे. कॅथलिक धर्मसंहितेच्या १९८३ सालच्या आवृत्तीतलं ८६८ वं कलम सांगतं, की तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आईवडिलांची, निदान त्यांच्यातल्या एकाची, संमती हवी. मूल मरणाच्या दारात असेल तेवढाच अपवाद. वसईत किंवा गोव्यात आंतरधर्मीय लग्न झालेल्या घरात, दोघांचाही विरोध असताना ‘पोराला तसंच कसं ठेवायचं’ म्हणून नानीने गुपचूप बाप्तिस्मा उरकून घेणं हे त्यांच्या स्वतःच्या धर्मातही बसत नाही.

आणि परंपरा चालवणाऱ्यांनी १९५६ हे वर्ष विसरू नये. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर गावोगावच्या तरुण आईबापांनी घरातले जुने देव बाहेर काढले. कित्येक घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना ते सोसवलं नाही. मरीआई कोपेल, खंडोबा कोपेल, ही त्यांची भीती खरी होती. तरीही त्या आईबापांनी ठरवलं, की आपलं मूल या भीतीत वाढणार नाही. त्यांनी आजीच्या मनाला जपायचं म्हणून माघार घेतली असती, तर पुढच्या पिढीच्या वाट्याला जुनाच उंबरठा आला असता. महाराष्ट्रातली एवढी मोठी धार्मिक घडामोड घरात उतरली ती आईवडिलांनी मुलांसाठी घेतलेल्या निर्णयातून.

‘तुम्हालाही आम्हीच वाढवलं, तुमचं काय वाईट झालं?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. आज सत्तरीत असलेल्या पिढीने स्वतः किती गोष्टी सोडल्या ते तिने आठवावं. सोवळ्यातला स्वयंपाक सोडला, घरकामाच्या बाईसाठी ठेवलेला वेगळा कप सोडला, मुलींना परगावी शिकायला पाठवलं, नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या बहिणीला हळदीकुंकवाला बोलावलं. त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्या आईवडिलांनी नाक मुरडलं होतं. तेव्हा त्यांनी काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं हे स्वतः ठरवलं, कारण मुलं त्यांची होती. जो हक्क त्यांनी बजावला, तोच त्यांची मुलं आज मागत आहेत. आणि ‘काय वाईट झालं’ याचं खरं उत्तर हवं असेल तर ते शांतपणे ऐकायचीही तयारी हवी. देव डोळे फोडील, या धाकाने रात्री अंथरुणात जागणारी मुलं आपल्या घरांत होती. कुणाच्या घरी पाणी प्यायचं नाही, हे ज्यांना पाढ्यांआधी शिकवलं गेलं, अशीही होती. त्यांनी मोठेपणी ते कष्टाने पुसलं. तीच मुलं आज आईवडील झाली आहेत.

कायद्याचं म्हणणंही पाहून ठेवावं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नैसर्गिक पालक म्हणून आईला आणि वडिलांना ओळखतो. आजीआजोबा त्या यादीत नाहीत. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२२ साली आंध्रातलं एक प्रकरण आलं होतं. पतीच्या निधनानंतर आईने दुसरं लग्न केलं, आणि मुलाच्या पालकत्वासाठी मृत पतीच्या आईवडिलांनी अर्ज केला. उच्च न्यायालयाने मूल आईकडेच ठेवलं, पण मुलाला मूळ वडिलांचंच आडनाव लावण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सांगितलं, की एकमेव नैसर्गिक पालक असलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा हक्क आहे. आपल्या संविधानाचं २८ वं कलम तर शाळेलाही बांधून ठेवतं. राज्याने मान्यता किंवा मदत दिलेल्या संस्थेत अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षण द्यायचं, तर पालकाची संमती लागते. शाळेला जी परवानगी घ्यावी लागते, ती घरात घ्यायला कमीपणा का वाटावा?

अमेरिकेतल्या लेकीकडे किंवा मुलाकडे सहा-सहा महिने नातवंडं सांभाळायला जाणाऱ्या मराठी आजीआजोबांनी तिथलंही एक प्रकरण माहीत करून घ्यावं. ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल हा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निकालात काढला. मुलींचे वडील गेल्यावर त्यांच्या आईवडिलांना नातींच्या भेटी वाढवून हव्या होत्या. आईने भेटी बंद केल्या नव्हत्या, फक्त मर्यादित केल्या होत्या. न्यायालयाने आईची बाजू घेतली: जे आईवडील मुलांचा नीट सांभाळ करतात, त्यांच्या निर्णयाला विशेष वजन द्यावं लागेल.

आता सर्वांत अवघड प्रश्न. ‘पोराला सांभाळतं कोण?’ हा प्रश्न खोटा नाही. पुण्या-मुंबईत दोघांच्या नोकऱ्या चालतात त्या कित्येक घरांत आजीच्या पाठीवर. ती सकाळी डबे भरते, शाळेच्या बसपाशी उभी राहते, दुपारी वरणभात भरवते, तापात डॉक्टरकडे नेते. गुडघे दुखत असतानाही करते. हे काम घ्यायचं आणि तिने जरा स्तोत्र शिकवलं की डोळे वटारायचे, हे चुकीचंच आहे. जे आईवडील आजीकडे पाळणाघर म्हणून पाहतात, त्यांना तिच्यावर नियम लादण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. त्यांनी आधी तिच्या कामाची दखल घ्यावी, तिला सुट्टी द्यावी, तिचं औषधपाणी पाहावं, तिच्या पूजेच्या वेळा पाळाव्यात. हे काही उपकार नव्हेत. वृद्ध आईवडिलांचा चरितार्थ ही मुलांची जबाबदारी आहे असं २००७ सालचा कायदाही सांगतो, आणि त्यात सज्ञान नातवंडंही येतात.

पण त्या कष्टांची परतफेड नातवंडाच्या मनाच्या रूपाने मागता येत नाही. बागेला रोज पाणी घालणाऱ्याचे आभार मानावेत, त्याला सावली द्यावी. झाड कुठलं लावायचं हा निर्णय मात्र त्या पाण्याने बदलत नाही. सांभाळण्याच्या बदल्यात धर्म ठरवण्याचा हक्क, असा सौदा कुणी केलेला नसतो. जर कुणाला वाटत असेल की हाच सौदा आहे, तर ते आधी बोलून मोकळं व्हावं, म्हणजे आईवडिलांनाही दुसरी सोय करता येईल.

‘मोठं झाल्यावर त्याचं ते ठरवेल’ हे वाक्य मी मनापासून मान्य करते. फक्त ते दोन्हीकडे लागू केलं पाहिजे. मूल मोठेपणी ठरवणार असेल, तर आत्ता घाईने त्याच्यावर अशी खूण करू नये जी त्याला पुसता येणार नाही. लहान मुलाला नुसतं ‘हे असंच असतं’ सांगितलं की ते त्याला सत्य वाटतं. ‘मी असं मानते, तुझी आई तसं मानते, मोठा झालास की तू पाहा’ असं सांगितलं की त्याच्या ठरवण्याला जागा राहते. १९८९ च्या बालहक्क संहितेत हीच वाट दिलेली आहे. भारताने ती १९९२ साली स्वीकारली. विचाराचं, विवेकाचं, धर्माचं स्वातंत्र्य मुलाचं, आणि त्याच्या वाढत्या समजेनुसार त्याला वाट दाखवण्याचं काम आईवडिलांचं.

हा नियम नास्तिक आजोबांनाही तितकाच लागू आहे. सून-मुलगा श्रद्धाळू आहेत, नात रोज देवाला फूल वाहते, आणि आजोबा तिला ‘दगडाला काय फुलं वाहतेस’ म्हणून हिणवतात, हेही अतिक्रमणच आहे. धर्माच्या बाजूने असो वा विरोधात, आईवडिलांना वळसा घालून मुलाच्या मनात शिरण्याचा हक्क कुणालाच नाही.

मग सीमा आखायची कुठे? महाराष्ट्राने ही रेष कायद्यात आखून पाहिली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कीर्तन, भजन, हरिपाठ, यात्रा यांना त्याने धक्का लावला नाही. पण साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता गंडेदोरे बांधणं त्याने गुन्हा ठरवलं. भक्ती वेगळी आणि अपाय वेगळा, हे त्यात मान्य झालं. घरातही तेच करावं. गोष्टी, गाणी, सण, देवघर, आजीची श्रद्धा, या सगळ्याला दार उघडं असावं. शरीरावरचे विधी, लहान मुलाचे उपास, औषधाऐवजी ताईत, पाळीतला विटाळ, जातीचा आणि परधर्माचा द्वेष, देवाचा धाक, या गोष्टी आईवडिलांच्या स्पष्ट होकाराशिवाय नकोत. आणि द्वेष व धाक तर होकार असला तरी नकोत.

आणि एक गोष्ट कुठल्याही घरात, कुठल्याही धर्मात चालता कामा नये. ‘आईला सांगू नकोस हं.’ मोठ्या माणसाने लहान मुलाला हे वाक्य सांगणं धोक्याचं आहे. ज्या मुलाला प्रेमाच्या माणसाने गुपित राखायला शिकवलं, ते मूल उद्या वाईट माणसाचंही गुपित राखेल. आजीने खाऊ घातलेला प्रसाद असो वा बांधलेला दोरा, तो लपवायची पाळी येत असेल तर तो देऊ नये. जे आईवडिलांसमोर करता येतं तेवढंच नातवंडाबरोबर करावं. ही कसोटी आजीआजोबांनी स्वतःला लावली, तर निम्मे वाद जागीच मिटतील.

उरलेले निम्मे मिटवायची जबाबदारी आईवडिलांची. नियम मनात ठेवून नंतर चिडायचं नसतं. ते मूल पोटात असतानाच बोलायचे असतात. जावळ, मुंज, सुंता, बाप्तिस्मा, नाव, आडनाव, कान टोचणं, पाळी, हे सगळं चहाच्या टेबलावर येऊ द्यावं. ‘तुमचं सगळं बुरसटलेलं आहे’ असं म्हणू नये. ‘हे आम्हाला नको आहे, हे चालेल, हे विचारून करा’ असं म्हणावं. आणि हे बोलायचं ते ज्याच्या आईवडिलांशी त्याने. आपल्याकडे मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो आणि बोलायला सुनेला पुढे करतो. मग घरभर तिचं नाव होतं. आपल्या आईला ‘नको’ म्हणण्याचं धैर्य ज्याच्यात नाही, त्याने बाप म्हणून हक्काची भाषा करू नये.

एवढं करूनही आजीआजोबांनी वारंवार शब्द मोडला, तर भेटी आईवडिलांच्या डोळ्यांदेखत ठेवाव्यात, एकटं पाठवणं थांबवावं, आणि कारण स्पष्ट सांगावं. नातं तोडू नये; शिक्षा म्हणून मुलाला आजीपासून दूर ठेवणं हा मुलावरचा अन्याय आहे. पण नातं टिकावं म्हणून मुलाच्या मनावर पाणी सोडणं हाही अन्यायच आहे.

आजीआजोबांनो, नातवंडाला तुमच्या गोष्टी हव्या आहेत, तुमचा देव कसा आहे हेही त्याला ऐकायचं आहे. ते सगळं द्या, आईवडिलांदेखत द्या. ‘करू का?’ असं एकदा विचारलंत म्हणजे तुमचा मान कमी होणार नाही. आणि उत्तर ‘नको’ असं आलं, तर ते तुमच्याच मुलाचं उत्तर आहे. ज्याला स्वतःच्या डोक्याने विचार करायला तुम्हीच शिकवलंत. ते पाळा.